कडी लावायची की नाही

रंजना, भांडण अर्धं टाकून उठून जायची तुझी खोड जुनीच. भिलाईत शाळेत असताना माझं उत्तर ऐकायच्या आधीच तू सायकलवर टांग टाकायचीस आणि सेक्टर दोनच्या चौकातून मागे न बघता हात हलवायचीस. मग दुसऱ्या दिवशी तेच भांडण मी सुटलं तिथून पुन्हा धरायची. या वेळी मात्र असं टाकून गेलीस की दुसरा दिवस माझ्या एकटीवर आलाय. तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही आणि अहवाल उद्या द्यायचाय.

तुझ्यावर काहीतरी लिही, असं तुझ्या घरच्यांनी सांगितलं. तुझं शिक्षण, तुझी नोकरी, तुझे सत्कार हे सगळं त्यांनी फोटोखाली आधीच छापलंय, आणि मला ते जमणारही नाही. मला बोलायचंय किशोरबद्दल. आणि कॅम्प-एकच्या वस्तीतल्या त्या बाईबद्दल, जिला तू "सांगतो" म्हणालीस आणि न सांगता गेलीस. किशोर हे त्याचं खरं नाव नाही, तिचं तर मी लिहीतच नाही. तुला दोन्ही माहीत आहेत, तेवढं पुरे.

तुझे बाबा स्टील प्लांटात कोक ओव्हनला, माझे रेल मिलला. दोघंही प्लांटच्या गेटच्या आत हिंदी आणि घराच्या दाराच्या आत मराठी. तुमच्या घरी बुद्धवंदना, आमच्या घरी गणपती, आणि दोन्ही घरांत भांडणाची भाषा एकच. आपण रस्त्यावर हिंदीतून भांडायचो आणि खरंच चिडलो की मराठीवर यायचो. तुझी आई खिडकीतून ऐकायची आणि म्हणायची, "आता पोरींचं बिनसलं बाप्पा." हिंदी चालू असेपर्यंत ती चुलीजवळून उठायचीसुद्धा नाही.

पुढे दोघींनीही मानसशास्त्र घेतलं. मी दवाखान्याकडे वळले, तू कोर्ट आणि जेलकडे. मी तोंडी परीक्षेत आपटले होते तेव्हा तू घरी आलीस आणि मला रडू दिलं नाहीस. माझ्या प्रबंधाच्या विषयावरून संध्याकाळभर माझ्याशी भांडलीस. आई चहा ठेवून गेली, तो गार झाला, आणि शेवटी मी इतकी चिडले की पुन्हा अभ्यासाला बसले. ही तुझी माया करायची पद्धत. कोणी तुझ्यासमोर रडायला लागलं की तू त्याच्याशी वाद उकरून काढायचीस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले, कारण आभार मानले असते तर तू त्यावरूनही भांडली असतीस.

आपलं काम काय, हे लोकांना कधी नीट सांगता आलं नाही. लग्नात, बारशात कोणीतरी हटकून विचारायचं, "सायकोपॅथ कसा ओळखायचा हो?" तू गंभीर चेहऱ्यानं म्हणायचीस, "जेवल्यावर स्वतःचं ताट उचलत नाही, तो." मी म्हणायची, मग अर्धी टाउनशिप आत टाका लागते. लोक हसायचे आणि सुटका व्हायची. खरं सांगायचं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. आपली तपासणी म्हणजे वीस मुद्दे. गोड बोलून माणूस गुंडाळणं, स्वतःला फार मोठं समजणं, सराईत खोटं बोलणं, केल्याचा पस्तावा नसणं, भावना वरवरच्या असणं, असे. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन. नाही, थोडंफार, आहे. नुसत्या मुलाखतीवर भागत नाही, कारण ज्याला मोजायचं तोच पट्टीचा खोटारडा असू शकतो. म्हणून कागद वाचायचे, घरच्यांना भेटायचं, एका गुन्ह्यापुरतं न बघता सगळं आयुष्य बघायचं. शेवटी बेरीज. ती एका रेघेच्या वर गेली की तो शब्द माणसाला चिकटतो आणि मग साबण लावूनही निघत नाही. ती रेघ दूरच्या देशात, तिथल्या कैद्यांवरून आखलेली. आपल्या माणसांना ती तशीच लावायची का, यावर आपण दोघींनी किती चहा घालवला असेल.

जेलची कामं मिळायला लागल्यावर दोघींनी मिळून घेतलेल्या सुपेल्याच्या दोन खोल्या, खाली वेल्डिंगचं दुकान. माणूस दोघींनी वेगवेगळा तपासायचा आणि दोघींचे कागद पूर्ण होईपर्यंत त्याच्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, हा आपला नियम. मग खालची मशीन बंद व्हायची वाट बघायची आणि कागद एकदम उलटे करायचे. मी कुठं एक दिला असला की तू टेबलावर बोट आपटायचीस. "सुषे, एक हा आकडा नाही, पलंगाखालची जागा हाय. तिथं लपून राहिली तू." आणि मी म्हणायची, तुझे शून्य बघितले की वाटतं, जेलात सगळे संतच भरलेत.

किशोरचं प्रकरण आलं तेव्हा आपल्याला ते रोजच्यासारखंच वाटलं. त्याचा मोठा भाऊ घराच्या छतावरून पडून गेला होता. पत्रे नीट करायला दोघं वर चढले होते. पडला असंच सगळे समजले. किशोरनं तिरडी बांधली, खांदा दिला, आलेल्यांना पाणी दिलं. पुढे भावाच्या बायकोनं पोलिसांत जाऊन सांगितलं की पडण्याआधी छतावर दोघांची बाचाबाची तिनं ऐकली होती, आणि नवऱ्याचा शेवटचा शब्द "ढकलू नको" असा होता. कोर्टात ती दिराच्या तोंडाकडे पाहून हेच बोलली. त्याला जन्मठेप झाली. आता कित्येक वर्षांनंतर त्यानं सुटकेसाठी अर्ज केला होता, आणि हा माणूस बाहेर सोडण्याजोगा आहे का, ते आपण सांगायचं होतं.

घरच्यांना भेटायला कॅम्प-एकमध्ये आपण दोघी मिळून गेलो होतो. आत खाटेवर त्याची आई, दाराशी शिलाई मशीनवर साड्यांना फॉल लावणारी वहिनी. आई तुझा हात सोडेना. "माहा एक तं गेला जी. आता दुसरा तरी येऊ द्या." वहिनीनं चहा केला, कप उचलले, आणि निघताना आपल्याला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. तिथं तिनं पदर खोचला आणि हळू आवाजात विचारलं.

"मी कोर्टात बोलली ताई. तो सुटला तं ह्याच घरात येईन, दुसरं कुटी जाईन? दाराले नुसता कोयंडा हाय. मी कडी आनून ठेवली. पन सासू म्हनते, घरच्या लेकाले कोनी कडी लावते का? तुमी शिकलेल्या. मले एकच सांगा. मी दाराले कडी लावू का नको?"

मी तुझ्याकडे पाहिलं. तू तिच्या खांद्यावर हात ठेवलास. "आमी सांगतो. पक्कं सांगतो."

मग आपण त्याला जेलात वेगवेगळं भेटलो, आणि एका दुपारी खालची मशीन थांबल्यावर कागद उलटे केले. माझी बेरीज रेघेच्या वर, तुझी खाली. फरक मुख्यतः दोन मुद्द्यांचा, पस्तावा आणि भावना. मी दोन्हींना दोन दिले होते, तू दोन्हींना शून्य. इतक्या वर्षांत इतकी दरी आपल्यात कधी पडली नव्हती.

मी फाइल उघडून तुझ्यापुढे सरकवली. पोलिसांच्या कागदात हिंदीत लिहिलं होतं की अंत्यसंस्कारानंतर आरोपीनं त्याच घरात बसून भरपेट जेवण केलं. मी त्या ओळीखाली लाल पेन्सिल ओढली होती. भावाला वरून ढकलायचं, त्याची तिरडी बांधायची आणि परत येऊन पोटभर जेवायचं. भावना वरवरच्या म्हणजे आणखी काय असतं?

तू ती ओळ वाचलीस आणि फाइल फटकन मिटलीस. "अवं, तो काय लग्नाच्या पंगतीत बसला होता का? कडू घास होता तो. मयतीच्या घरात चूल पेटत नाई, सोयरे जेवण आणते अन् घरच्यायले बळजबरीनं भरवते. नाई म्हणता येते का? हवालदारानं पाह्यलं तं हा जेवून राहिला. कोणं भरवला, हे त्यानं लिहिलं नाई, कारण त्याले ते माहीतच नाई. पण तुले? तू मराठी घरातली असून हवालदाराच्या डोळ्यानं वाचून राहिली."

हे मला लागलं. कारण ते खरं होतं. घरातलं सगळं हिंदी कागदावर गेलं की आपल्यालाच परकं वाटायला लागतं, हा आपल्या भिलाईच्या मराठी लोकांचा जुना रोग आहे. पण मी हार मानणारी नव्हते.

"घास एक भरवते, रंजना. पोटभर कोणी नाई भरवत."

"तुह्या तोंडात अजून कोणी घातला नाई तो घास. म्हणून बोलून राहिली."

मग मी जे बोलायला नको होतं ते बोलले. म्हणाले, माझ्यासमोर तो हिंदीत बसला होता, लाकडासारखा. त्या जेवणाचं विचारलं तरी "वो गिर गया," एवढंच म्हणत राहिला. तुझ्यासमोर मराठीत आला आणि रडला. तू त्याला घरची भाषा दिलीस आणि त्यानं तुझी नस पकडली. गोगलगाय आणि पोटात पाय. वीस मुद्द्यांतला पहिला मुद्दाच गोड बोलण्याचा आहे, तो तू स्वतः मला शिकवलास.

"मले ताई म्हणलं म्हणून मी विरघळन का?"

"हो."

तू उठलीस. पर्स घेतलीस. जिन्याच्या दारात थांबलीस आणि म्हणालीस, "सुषे, तुले माणूस दिसतच नाई आता." मग स्वतःच म्हणालीस, सोमवारी दोघी मिळून त्याले भेटू. खाली स्कूटी सुरू झाल्याचं ऐकलं. मी खिडकीत गेले तेव्हा तू सुपेल्याच्या त्या गर्दीत शिरली होतीस. मागे न बघता हात हलवलास. मी उत्तर तयार केलं होतं. सोमवारी देणार होते.

रविवारी सकाळी तुझ्या मुलीचा फोन आला. "मौसी, मम्मी कुछ बोल नहीं पा रही, आप आ जाओ." मी पोचले तेव्हा तुझा उजवा हात पलंगावरून खाली लोंबत होता आणि तू माझ्याकडे बघत होतीस. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्त साकळलंय. दुपार व्हायच्या आत सगळं संपलं. तू बघत होतीस तेव्हा तुला काही म्हणायचं होतं का, हे मी स्वतःला रोज विचारते. तुझ्या बाबतीत "काही नाही" हे उत्तर पटत नाही.

मला रडू आलं नाही, रंजना. तुझ्या घरात सगळे पांढऱ्या कपड्यांत, मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील, बायकांचे हुंदके. आणि मी खुर्च्या लावत होते, कोणाला फोन करायचे राहिलेत ते विचारत होते, तुझ्या मुलीची ओढणी शोधत होते. तुझी नणंद दोनदा माझ्याकडे बघून गेली. तिच्या नजरेत काय होतं ते मला वाचता येत होतं. पोटापाण्याचाच धंदा आहे तो माझा. भावना वरवरच्या, दोन.

स्मशानातून परत आलो तेव्हा शेजारच्या घरून बेसन, भात आणि ठेचा आला होता. मी भिंतीला टेकून बसले होते. तुझी म्हातारी मावशी समोर येऊन बसली, हातानं घास केला आणि माझ्या ओठांशी धरला. "घे माय. कडू घास हाय, नाई म्हनू नये."

मी तोंड उघडलं.

आणि मग मी जेवले. घासभर नव्हे. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि भूक कडकडून लागली होती. मी भात दोनदा मागून घेतला. ठेचा झणझणीत होता, आणि मी तसं बोलूनही दाखवलं, मोठ्यानं, तुझ्या फोटोसमोर बसून. कोणी हवालदार तिथं असता तर त्यानं काय लिहिलं असतं, ते मला पुढच्या घासाबरोबरच सुचलं. घास तसाच तोंडात राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्याशी भांडण हरले होते आणि ते बघायला तू नव्हतीस. एवढा राग आला तुझा.

पुढच्याच आठवड्यात साहेबांचा फोन. अहवालावर शेवटची सही त्यांची असते. माणूस वाईट नाही, घाईचा आहे. "सुषमाजी, रंजना मॅडम का स्कोर हटा दीजिए. आपस में चर्चा पूरी नहीं हुई, उनकी साइन भी नहीं है. आपका अकेला काफी है." मी बरं म्हणून फोन ठेवला आणि मग लक्षात आलं, मी कशाला बरं म्हटलं ते. तुझा आकडा काढला की माझा एकटा उरतो, आणि माझा रेघेच्या वर. म्हणजे किशोर आतच राहणार आणि कॅम्प-एकमधल्या बाईला कडीची गरजच नाही. सगळ्यांचीच सोय. फक्त त्या आकड्यात ते लाल पेन्सिलवालं जेवण बसलेलं होतं.

म्हणून मी एकटी जेलात गेले.

तीच खोली, तोच खडखडणारा पंखा, दाराशी शिपाई. किशोर आला, बसला, आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"वो ताई नहीं आईं?"

मी सरळ सांगितलं. गेल्या म्हणून. आणि सांगताना मी काय करत होते हे तुला सांगितलंच पाहिजे. मी त्याचा चेहरा बघत होते. डोळे, जबडा, बोटं. तुझं मरण मी त्याच्यासमोर चाचणीतल्या कार्डासारखं ठेवलं होतं आणि तो काय म्हणतो याची वाट बघत होते. रडला असता तर मी मनात म्हटलं असतं, वा, काय झटपट. नसता रडला तर दोन. तो कसाही सुटणार नव्हता माझ्या हातून. 

तो रडला नाही. खुर्ची पुढे ओढली. मग माझ्याशी पहिल्यांदाच मराठीत बोलला.

"तुमी जेवल्या होत्या का जी, त्या दिवशी?"

प्रश्न मी विचारायचे असतात. उत्तर द्यायचं नाही, विषय वळवायचा, हे मी नव्या मुलींना शिकवते. पण तोंडून निघून गेलं. "हो."

"पोटभर?"

पंखा खडखडत होता. शिपायानं जांभई दिली. मी म्हटलं, "पोटभर."

त्यानं मान हलवली. "मी बी. लय भूक लागली होती. एवढी भूक कशी लागली, मलेच समजत नाई." मग आवाज न बदलता, "ढकललं बी मीच."

 इतकी वर्षं तो "गिर गया" म्हणत होता. पोलिसांना, कोर्टाला, मला. तुला त्यानं हे सांगितलं होतं का? तुझ्या कागदात तसं काही नाही. की सांगितलं होतं आणि त्यानं स्वतः सांगेपर्यंत तू ते झाकून ठेवणार होतीस? मला तुझ्याकडे धावत जाऊन विचारावंसं वाटलं. पहिल्यांदा मला वाटलं, हा पस्तावा. दुसऱ्याच क्षणी वाटलं, यानं माझी नस पकडली. तुझी भाषा होती, माझी भूक. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या वाटत होत्या आणि मी पेन हातात धरून बसले होते.

वेळ संपली. तो उठला, दारापर्यंत गेला आणि मागे वळला. "ताईनं लिवलेलं तं राहीन ना जी? का आता फक्त तुमचंच धरतीन?"

बघ, रंजना. तूच सांग, याला काय द्यायचं? तुझ्या जाण्याचं ऐकल्यापासूनच त्याच्या मनात हा प्रश्न होता, माझ्या जेवणाची चौकशी करतानाही. आणि तरी वाटतं, आयुष्य ज्यावर टांगलेलं आहे ते विचारणार नाही तर काय करणार बिचारा? तू गेलीस तेव्हा सोमवारच्या भेटीचं काय, असं माझ्याही मनात आलंच होतं की.

मी सुपेल्याला परत आले आणि आपल्या टेबलाशी बसले. खाली कटर चालू होता. ती लाल रेघ मी खोडून काढली. त्या जेवणावरून काहीही ठरत नाही, असं लिहिलं. भावनेच्या मुद्द्याला दोनाचा एक केला. हस तू. पलंगाखाली गेले मी. पस्ताव्याचे दोन मात्र ठेवले, त्याच्या त्या शेवटच्या प्रश्नासाठी. तिथं तू माझ्याशी भांडली असतीस, आणि मी हटले नसते. माझी बेरीज रेघेच्या जराशी खाली आली. तिच्याशेजारी तुझी बेरीज लिहिली, तुझ्या नावासकट, आणि खाली लिहिलं की चर्चा पूर्ण होण्याआधी त्या गेल्या, दोघींचं दोन मुद्द्यांवर एकमत झालेलं नाही. साहेबांना फोन करून सांगितलं, तिचा आकडा काढायचा असेल तर माझी सहीही काढा. ते चिडले. मग म्हणाले, ठीक है. शेवटी शिफारस लिहिली की सोडलंच तर त्या घरात सोडू नये आणि आधी त्या बाईला विचारावं. पण कागदावर लिहिलेलं कॅम्प-एकच्या गल्लीपर्यंत पोचतंच असं नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

म्हणून आज दुपारी मी तिच्याकडे गेले.

तिनं मला बघून आधी माझ्या मागे बघितलं, तुला शोधायला. मी सांगितलं. ती मशीनवरून उठली, "अरे देवा," म्हणाली, आणि पदर डोळ्याला लावला. तुला ती आयुष्यात एकदा भेटली होती आणि तिला लगेच रडू आलं. मी कोरडी उभी होते. आत खाटेवर म्हातारी झोपली होती.

"त्यायनं सांगतो म्हनलं होतं," ती म्हणाली.

"म्हणूनच मी आली." अहवालातलं अक्षरही मला सांगता येत नव्हतं, आणि तिनं ते विचारलंही नाही. मी म्हटलं, "कडी लाव."

तिचा चेहरा उतरला. "मंग तो खराबच हाय म्हना."

"माहीत नाई."

"तुमाले माहीत नाई?"

"नाई. खरंच नाई. आमच्या दोघींचंही जमलं नाई त्यावर. तू कडी लाव."

तिनं मशीनचा खण उघडला. कागदात गुंडाळलेली कडी होती, नवी, जाड, सुपेल्याच्या दुकानातली. स्क्रूड्रायव्हरही तिथंच होता, म्हणजे ती रोज काढून बघत असणार. मी कडी धरली, तिनं स्क्रू पिळले. आवाजानं म्हातारी जागी झाली. काय चाललंय ते तिनं बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. 

शेवटचा स्क्रू बसल्यावर ती म्हणाली, "ताई, तुमी भायेर जाऊन ढकलून पाहा."

मी बाहेर गेले. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मी तळहातानं दार ढकललं. हललं नाही.

"असं नाई जी. तो ढकलन तसं ढकला."

मी खांदा लावला. गल्लीतून एक माणूस सायकल हातात धरून जात होता, तो थांबून बघायला लागला. मी पाय रोवले आणि सगळा जोर लावून ढकललं, आणि तेव्हा, रंजना, पत्र्याच्या त्या गरम दाराला गाल टेकलेला असताना मला रडू आलं. तू गेल्यापासून आलं नव्हतं ते सगळं. तोंडातून आवाज फुटला तो मला माझा वाटेना. सोमवारसाठी तयार केलेलं उत्तर एवढंच होतं, की दिसतो गं, माणूस दिसतो मला, म्हणून तर भीती वाटते. ते मी दाराला सांगत होते. दार हलत नव्हतं, आणि मी ढकलायचं विसरले होते.

आतून तिनं विचारलं, "ताई, थांबल्या कावून? अजून जोरानं ढकला ना."